बाटली कोणी भरली?

सुलोचनाबाई, तुमच्या शोकसभेला मी आले होते. रडले नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला उगाच आशा नको.

केडगावच्या त्या हॉलात पंख्याखाली तुमचा फोटो ठेवला होता. वाऱ्यानं हार सारखा सरकून तुमच्या चष्म्यावर येत होता. मला वाटलं, आता बाई फोटोतून खेकसणार, "हार कोणी बांधलाय हा?" काही वाकडं झालं की तुम्हाला आधी ते कोणी केलं हे लागायचं. चहा पांचट झाला, कोणी केला? सतरंजी उलटी पडली, कोणी टाकली? काय झालं आणि का झालं, ते मागाहून. तुमच्या त्या 'कोणी'नं मला बरंच शिकवलं, आणि एका बाईचं नाव मातीत घातलं. ते लिहायला बसले आहे.

सभेत एक गृहस्थ म्हणाले, बाईंचं मन पाण्यासारखं होतं. मी पदर तोंडाला लावला. शेजारणीला वाटलं हुंदका आला, तिनं माझी पाठ चोळली. हुंदका कसला, मी हसू दाबत होते. कुठल्या पाण्यासारखं, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. ओढ्यातल्या, का माझ्या माठातल्या?

निघताना फंडाच्या माणसांनी गाठलं. तुमच्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे. "आजी, तुमचा गट बाईंचा सगळ्यात जुना. चार गोड आठवणी लिहून द्या." गोड खायला मला डॉक्टरांनी बंदी केली आहे. लिहायला केलेली नाही, पण सवय मोडली. तेव्हा जशा आहेत तशा देते. छापायच्या की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

तुम्हाला ठाऊक असलेलं पुस्तिका वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगते. मधे बोलू नका. आता तरी.

हा पुण्याचा एक लहानसा फंड. ज्यांना मोठ्या संस्था दारात उभं करत नाहीत अशा गटांना तो थोडे थोडे पैसे देतो. नोंदणी नाही, लेटरहेड नाही, शिक्का नाही, नुसती पाच-सात माणसं आणि एक गाऱ्हाणं. कुठं गायरान कोणी लाटलं, कुठं वीटभट्टीवरच्या बायकांची मजुरी बुडाली, कुठं पाणी नासलं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत असे गट हुडकायचे, त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे, पैसे मिळाल्यावर काम झालं का ते बघायचं, हे तुमचं काम. शाळेतून रिटायर झाल्यावर लोक गुडघे चोळत बसतात. तुम्ही स्कूटी काढलीत आणि भीमेचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून धूळ खात आमच्याकडं यायला लागलात. आमचं गाव कवठे येमाईच्या रस्त्याला आत. तिथं तेव्हा एसटीसुद्धा मनात आलं तरच यायची.

आमचं गाऱ्हाणं ओढ्याचं होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला कोणा परक्या भंगारवाल्यानं पत्र्याची शेड टाकली होती. रंगाचे, ॲसिडचे, कसकसल्या औषधांचे रिकामे ड्रम आणायचे, धुवायचे आणि विकायचे. धुतलेलं पाणी ओढ्यात. आमच्या आळीला नळ होता, तेव्हा आम्हाला नुसता वास यायचा. ओढ्याच्या कडेला बौद्ध वस्तीची विहीर होती, त्यांना मात्र वासाच्या पुढचं सगळं आलं. पहिली बोलली ती कौसल्या. माझ्या दारात येऊन तिनं टाच वर करून दाखवली. कातडं सोललेलं.

"आक्का, धुणं धुतलं की पाय पेटत्यात. हे पानी न्हाई ऱ्हायलं."

त्यातून आमचा गट झाला. सात बायका. चळवळ कौसल्याची, पाय कौसल्याचे, विहीर कौसल्याच्या वस्तीची, आणि अध्यक्ष मी. का? आमचं घर मोठं, आमच्याकडं फ्रिज आणि माझा दीर सोसायटीचा चेअरमन. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

ती अध्यक्षीण तुम्हाला आठवते का हो? मला आठवते आणि अंगावर काटा येतो. अठ्ठावन्न वर्षांची तरणीताठी, तुम्ही पहिल्यांदा येणार म्हणून शिरूरच्या बाजारातून पर्स घेऊन आलेली. पर्समध्ये काय, तर विलायची आणि घराची किल्ली. सही करायची तर आधी आठ दिवस वहीत सराव. सहीखाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. दोन टिंबं कशाला, हे तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, "शोभेला." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "सही दागिना नसते. जबाबदारी असते." इतकं टाकून बोललात की मी त्या दिवशी जेवले नाही. टिंबं मात्र सोडली नाहीत.

अर्जात पहिलाच प्रश्न होता, तुमच्या गटाला कोणता अन्याय दूर करायचा आहे. मी लिहिलं, 'ओढ्याला वास येतो.' तुम्ही लाल पेनानं आडवी काट मारलीत. "वास कोणी आणला? कर्ता कुठाय वाक्यात?" मी पुन्हा लिहिलं. पुन्हा काट. असं सहा वेळा. सातव्या वेळी मी रागानं लिहिलं, 'वरचा शेडवाला ड्रम धुतो आणि ते पाणी आमच्या माथी मारतो.' तुम्ही वाचलंत आणि पहिल्यांदा हसलात. "आता झाला अन्याय," म्हणालात.

हे तुमचं देणं, ते मी नाकारत नाही. सातवी शिकलेली बाई आज इतकी पानं लिहिते, ती तुमच्या त्या लाल काटेमुळं. माझे मालक गेले तेव्हा तेराव्याच्या आधी तुम्ही कागद घेऊन आलात. आम्ही पाठवायचा तिमाही अहवाल राहिला होता. मी म्हणाले, बाई, मला रडू येतंय. तुम्ही म्हणालात, "मग रडा की. पण लिहिता लिहिता रडा." घरातल्या सगळ्यांना तुम्ही राक्षसीण वाटलात. मला त्या दिवसांत तेवढा एक तास बरा गेला होता. बस्स, यापुढं कौतुक नाही.

आता बाटली.

फंडाचे पैसे आले ते पाणी तपासायला. तुम्ही प्रयोगशाळेतून आरपार दिसणारी मोठी बाटली आणलीत आणि आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात बसवून धडा दिलात. ओढ्याच्या मधोमधून भरायची. बूच घट्ट लावायचं. चिठ्ठीवर अध्यक्षांची सही. बर्फात घालून अकराच्या आत शिरूरच्या स्टँडवर. तिथून तुम्ही पुण्याला नेणार. सगळं सांगितलंत. एवढंच सांगितलं नाहीत, की पाण्याला हात लावू नका. तुम्हाला वाटलं असेल, एवढं कोणाला सांगावं लागतं?

मला सांगावं लागत होतं.

सकाळी कौसल्या बाटली भरून माझ्याकडं आली, कारण सही माझी आणि बर्फही माझ्याच फ्रिजात. बाटली ओट्यावर ठेवून म्हणाली, "तुमी सही करा आक्का, मी लुगडं बदलून येती." ती गेली. मी बाटलीकडं बघत राहिले. काळपट पिवळं पाणी, वर साबणासारखा फेस, तळाला गाळ. आणि मला लाज वाटली. शेडवाल्याची नाही, माझी. हे असलं पाणी पुण्याला जाणार, पांढरे कोट घातलेली शिकलेली माणसं ते हातात धरणार, आणि वर सही कोणाची? माझी, दोन टिंबांसकट. आमच्या घरातून पाहुण्यापुढं न गाळलेला तांब्या कधी गेला नव्हता. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी पहिलं काय शिकवलं असेल तर ते धोतराचं फडकं चार पदरी करून हंड्याच्या तोंडाला बांधायला.

मी तेच केलं. गाळलं. गाळूनही मनासारखं होईना, तेव्हा तुरटी फिरवली. गाळ खाली बसला, वरचं हलक्या हातानं ओतून घेतलं. बाटली धुतली, तीही राखेनं. एवढं करून पाणी निम्मंही उरलं नाही. आता उणा तांब्या कोणापुढं धरायची आमच्यात रीत नाही, मग उणी बाटली प्रयोगशाळेला कशी धाडू? माझ्या माठातलं पाणी घातलं. काठोकाठ. वाळा घातलेला माठ होता, बाई. पुण्याच्या माणसांना बरं वाटलं असेल.

वाईट हेतू नव्हता, असं म्हणायला मी मोकळी आहे. पण त्या अठ्ठावन्न वर्षांच्या शहाणीचा हेतू काय होता ते मला आता नीट दिसतं. तिला ओढ्याची लाज होती, विहिरीची काळजी नव्हती. आज भेटली तर कानाखाली देईन. मग गाळलेलं पाणी देईन.

कौसल्या आली, बाटली उचलली, बर्फाच्या पिशवीत घातली आणि शिरूरला तुमच्या हातात दिली. इथं मला तुमच्याशी भांडायचं आहे. पंधराच दिवसांपूर्वी तुम्ही स्वतः ओढ्यावर नाक दाबून उभ्या होतात. परत जाताना तीनदा हात धुतलेत. ते पाणी तुमच्या ओळखीचं होतं. स्टँडवर बाटली हातात घेतलीत तेव्हा नाव सुलोचना आणि वर एवढा जाड चष्मा, तरी तुम्हाला ती निवळ दिसली नाही? का दिसली, आणि एसटी सुटेल म्हणून पिशवीत टाकलीत? मुलांच्या वहीतला एक अनुस्वार सुटत नव्हता तुमच्या नजरेतून.

आठवड्यानं निकाल आला. पाणी पिण्यास योग्य. माझ्या माठाला पहिला वर्ग मिळाला.

व्हरांड्यात तुम्ही तो कागद वाचलात आणि चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढला की मला भीती वाटायची. आम्ही सातही जणी समोर होतो. मला तेव्हाच, त्या क्षणी कळलं होतं मी काय केलंय ते. तुम्ही 'काय झालं' असं विचारलं असतंत तर कदाचित मी बोलले असते. 'पाणी असं कसं झालं' असं विचारलं असतंत तरी. पण तुम्ही तुमचंच विचारलंत.

"बाटली कोणी भरली?"

"मी भरली," कौसल्या म्हणाली.

"कुठून?"

"वढ्यावरनं."

"खरं सांगा, कौसल्याबाई. ऊन होतं, ओढा लांब पडला असेल. हापशावरून भरलीत ना?"

"न्हाई. वढ्यावरनं भरली."

"मग पाणी स्वच्छ कसं?"

"त्ये मला काय ठावं? मी वढ्यावरनं भरली, बाई."

ती तीनदा तेच बोलली. तिसऱ्यांदा बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं. मी उठले आणि कपबश्या गोळा करायला लागले. अजून निम्म्या जणींचा चहा व्हायचा होता. भरल्या कपबश्या मी उचलून नेल्या.

गटाच्या नियमांच्या कागदावर तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, सर्व सदस्य समान. ती मला आक्का आणि अहो, मी तिला कौसल्ये आणि अगं. सात जणींमधून तुमचं बोट कोणाकडं गेलं, आणि बाटली कोणाच्या घरात तासभर होती हे विचारायचं कोणाच्या मनातही कसं आलं नाही, ते मला मग पुष्कळ दिवस कळत राहिलं. अध्यक्षाच्या घराला संशय शिवत नाही. तुम्ही गावोगाव न्यायावर बोलायचात बाई, आणि चांगलं बोलायचात. त्या व्हरांड्यात मात्र तुम्ही आमच्या गावातल्या कोणाही जुन्या माणसासारख्या वागलात. आणि मी तर त्या गावचीच.

तुम्ही अहवाल लिहिलात. 'एका सदस्येच्या हलगर्जीपणामुळे नमुना विश्वासार्ह नाही. गटाला जनजागृतीची गरज आहे.' कंसात कौसल्याचं पूर्ण नाव. खाली माझी सही. टिंबं त्या दिवशी घातली नाहीत.

पुढच्या वेळी आम्ही पुन्हा तपासणी मागितली, तर तुम्ही अर्जातला शब्द बदलून जनजागृती केलीत. माणसं आली, पडदा लावला, नळाचं चित्र दाखवून स्वच्छ पाण्याचं महत्त्व सांगितलं. जागं कोणाला करत होतात? जी सगळ्यात आधी जागी झाली होती तिला बोलावणं नव्हतं. गावात कोणी म्हणालं, शेडवाल्यानं कौसल्याच्या हातावर काहीतरी ठेवलं असणार, तिचा नवरा नाही का चार दिवस ड्रम उतरवायला गेला होता. त्यावर दुसरं कोणी हो म्हणालं. आणि ग्रामपंचायतीत शेडबद्दल कोणी ब्र काढला की शेडवाला तो पहिल्या वर्गाचा कागद फडकवायचा. त्याची प्रत नियमाप्रमाणे आमच्याच गटानं पंचायतीला दिलेली होती. वस्तीला नळ यायला पुढं दोन वर्षं गेली. दोन वर्षं ती माणसं त्या विहिरीवर होती. माझ्या सहीच्या कागदावर ते पाणी पिण्यास योग्य होतं.

कौसल्या गटात परत आली नाही. रस्त्यात दिसली तर बोलायची, पण "बरं हाय का, आक्का" एवढंच. त्यातलं 'आक्का' मला टोचायचं.

एकदा मी तुम्हाला सांगायला निघाले होते. लेकीकडं दौंडला जायचं होतं, तुम्ही केडगाव स्टेशनवर मला पुरणपोळीचा डबा द्यायला आलात. बाकावर बसलो. मी म्हणाले, "बाई, ती बाटली होती ना..." तुम्ही हात वर केलात. "जुनं उकरू नका. नव्या अर्जाची मुदत सोमवारी आहे." गाडी आली, मी चढले. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत म्हणून मी दौंडपर्यंत तुम्हाला शिव्या दिल्या. आणि सुटले म्हणून तुमच्या पोळ्याही खाल्ल्या, दोन.

तुम्हाला कळलं होतं का हो? हे विचारायचं राहिलं. कळलं असेल आणि तुम्ही अध्यक्षीण सांभाळली असेल, तर आपण एकाच माळेच्या. कळलं नसेल तर तुमचा तो लाल पेन कशाच्या कामाचा? माझ्या वाक्यात कर्ता नसला की तुम्ही पान फाडायचात. आणि स्वतःच्या अहवालात कर्ता चुकीचा बसवलात तो कोणी तपासला? दोन्हींतलं काय खरं हे मला आता कधी कळणार नाही. त्याचा तुमच्यावर राग आहे. मेलात म्हणून कमी होईल असं वाटलं होतं, उलट वाढलाय. भांडण अर्ध्यात टाकून जाणारी माणसं मला आवडत नाहीत.

शोकसभेहून आले आणि तिसऱ्या दिवशी कौसल्याकडं गेले. ती कांद्याच्या चाळीपाशी सावलीला बसून कांदा निवडत होती, मजुरीवर. सडका एकीकडं, बरा एकीकडं. मी शेजारी बसले. गुडघ्यांनी दोघींच्याही कुरकुर केली. मीही एक कांदा हातात घेतला.

"बाई गेल्या," मी म्हणाले.

"ऐकलं." तिचा हात थांबला नाही. "चांगली व्हती. पर तिचा कान एकाच बाजूचा व्हता."

"कौसल्ये, ती बाटली..." मी हातातला कांदा फिरवत होते. "तू भरलीस तीच. पण मी ती गाळली. तुरटी फिरवली. माठातलं पाणी घातलं."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"मी बाटली उचलली तवा पल्याडची माझी बोटं दिसली मला. वढ्याच्या पान्यातनं बोटं दिसत्यात व्हय, आक्का?" तिनं एक सडका कांदा लांब फेकला. "मला वाटलं, साहेब लोकान्ला अशीच द्यायची रीत आसंल. तुमी शिकल्याल्या."

"मग बाईंसमोर बोलली का नाहीस?"

ती हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं. "मी बोलले आस्ते, की आक्काच्या घरात पानी बदललं, तर किती जनी व्हय म्हनल्या आसत्या? तुमाला धरून सांगा. म्या तुमच्याकडं बघितलं. म्हनलं, ही बोलंल. तर तुमी चहाच उचलून न्येला."

मी हातातल्या कांद्याची माती झाडली.

"पयली संक्रांत झाली. म्हनलं, तिळगूळ द्यायला म्हनून येईल आन् बोलंल. दुसरी झाली. मग सोडलं. माझा नवरा मरायच्या आधी मला म्हनला, खरंच काय घ्येतलं व्हतंस का गं शेडवाल्याकडनं? घरचा मानूस, आक्का. त्यानंबी इचारलं."

कांदे निवडताना डोळ्यांत पाणी येतं ते बरं असतं. कोणाला काही सांगावं लागत नाही. पण माझ्या हातात एकच कांदा होता आणि तो मी सोललाही नव्हता.

माफी मागितली. ती म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ द्या. माफीचं मी काय करू? शेड चालूच हाय. जरा वर सरकलीया, भिंत घातलीया, पर धुनं त्येच." मग म्हणाली, "फंडवाल्या बाया परत बाटली द्यायला तयार हायत म्हनं?"

"हो. तपासणीचाच अर्ज केलाय. या खेपेला जनजागृती नाही."

"मग बाटली मी भरनार. आन् बूच लावल्यापासनं शिरूरपतूर माझ्या हातातनं कुनाच्या हातात जानार न्हाई. सही करायची तर तिथंच, वढ्यावर येऊन करा."

म्हणून बाई, या लेखाबरोबर मी फंडाला एक चिठ्ठी जोडली आहे. तुमच्या जुन्या अहवालातलं ते वाक्य त्यांनी काढावं. तिथं लिहावं, की नमुना गटाच्या अध्यक्षांनी आपल्या घरात बदलला, आणि कौसल्याबाईंनी तो ओढ्यातूनच भरला होता. अध्यक्षांचं पूर्ण नाव लिहावं, कंसात नको. आणि पुस्तिका आली की तिचं हे पान कौसल्याच्या वस्तीत, समाजमंदिरात, मी मोठ्यानं वाचणार आहे. आमच्या दिराला कळलंय. दोन दिवस बोलत नाहीये. रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करून आलेला लेक म्हणाला, "आई, आता या वयात कशाला?" त्याला म्हटलं, मग कोणत्या वयात, ते वय माझ्याकडं शिल्लक आहे का?

फंडाची बाटली आली, आणि काल सकाळी आम्ही ओढ्यावर गेलो. मी आणि ती, दोघीच. वास तोच, फक्त आता त्यात काहीतरी गोडसर मिसळलंय, त्यानं जास्त मळमळतं. कौसल्यानं लुगडं खोचलं, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, मधल्या दगडावर उतरली. बाटली आडवी धरून भरली, उभी केली, बूच पिळून घट्ट केलं. मग वर आली आणि मी सही करावी म्हणून चिठ्ठीसकट बाटली पुढं धरली. बाटलीच्या बाहेरून ओघळ आला होता, काळसर, चिकट. आणि बाई, तुम्ही मला कितीही नावं ठेवा, माझा हात आपोआप गेला. पदराचं टोक बाटलीकडं. पुसायला.

"आक्का!"

अख्ख्या ओढ्यात आवाज घुमला. मी दचकले.

"लांब व्हा. शिवायचं न्हाई बाटलीला."

सत्तरी ओलांडली माझी. हा शब्द मी ऐकला नव्हता असं नाही. आमच्या घराच्या पुढच्या दारात, मागच्या दारात, विहिरीवर, हापशावर शेकडो वेळा ऐकला होता. मीही उच्चारला असेन, आठवत नाही एवढ्या सहज. माझ्याकडं तोंड करून कोणी तो म्हणेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. कौसल्याच्याही ते ध्यानात आलं असावं. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं, आणि तिला हसताना बघून मलाही. दोन म्हाताऱ्या नासक्या ओढ्याच्या काठी पोट धरून हसल्या. पण बाटली तिनं मागं घेतली ती घेतलीच. चिठ्ठी तेवढी दगडावर ठेवली, मी लांबूनच वाकून सही केली. टिंबं नाही. मग हात मागं बांधून उभी राहिले, व्हरांड्यात तुमच्यापुढं उभी राहायचे तशी.

चिठ्ठीवर एक रकाना असतो, नमुना कोणी घेतला. तिथं तिनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. आडनावासकट, सावकाश.

मग ती बाटली उन्हाकडं धरून बघत होती. मी तीन पावलांवरून बघत होते. पल्याडून धरलेली तिची बोटं मला दिसली नाहीत.